देवाचे फूल कोणाच्या वेलीचे?

श्रावण लागला की आमच्या क्षेत्राच्या गावी पहाट दोन घटका लवकर होते. देवळातील काकडआरतीची घंटा ऐकू येण्यापूर्वीच आळीआळींतून परड्या घेतलेली माणसे दिसू लागतात. कोणाच्या हाती वेताची परडी, कोणाच्या हाती पिशवी, तर कोणाच्या हाती टोकाला आकडा बसवलेली लांब काठी. कुंपणाबाहेर डोकावणारी फांदी आकड्याने खाली ओढावयाची, हाताला लागतील तेवढी फुले व कळ्या खुडावयाच्या आणि पुढच्या घराकडे वळावयाचे. मुखाने स्तोत्रपाठ चालूच असतो. सोमवारी महादेव, मंगळवारी मंगळागौर, शुक्रवारी जिवती, शनिवारी मारुती. श्रावणात देवघरास फुले रोज हवीत आणि भरपूर हवीत.

ह्या मंडळींची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. कारण त्या काठीवाल्यांमध्ये आम्ही स्वतः कित्येक वर्षे होतो.

गेल्या वर्षीच्या श्रावणात एका सायंकाळी देवळात आमचे कीर्तन होते. पूर्वरंगाला विषय घेतला होता पुष्पपूजेचा. भक्तीने अर्पण केलेले पान, फूल, फळ, पाणी मी आनंदाने स्वीकारतो, असे भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. त्यावर निरूपण चांगले रंगले. गळ्यात हार पडला, कपाळी बुक्का लागला, उत्तररंग झाला, आरती झाली, मंडळी पांगली. मागे राहिल्या आमच्याच आळीतील एक काकू. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. घरी एकट्याच. दारापुढे हातभर अंगण आणि त्यात जास्वंदीचे एकच झाड.

काकू म्हणाल्या, "बुवा, रागावणार नसाल तर एक विचारते. माझ्या जास्वंदीला रोज दहा-बारा फुले येतात. मी उठून, अंग धुऊन बाहेर येते, तोवर कळीसुद्धा उरलेली नसते. महिना होत आला, माझा गणपती बिनफुलाचा बसला आहे. गावातल्या इतक्या देवांना माझी फुले पोचतात. मग ते पुण्य माझे, की नेणाऱ्याचे?"

आमच्या मुखातून शब्द निघेना. दोन घटका ज्या वाणीने सभा डोलविली, ती वाणी त्या प्रश्नापुढे मुकी झाली. कारण त्या दिवशी सकाळी आमच्या देवघरातील गजाननाच्या मस्तकी जे तांबडे फूल वाहिले होते, ते कोणाच्या अंगणातले होते हे आम्हांस ठाऊक होते. काकूंस ते ठाऊक होते की नव्हते, हे त्यांनी आम्हांस कळू दिले नाही.

अशा वेळी पंडित माणूस शास्त्राच्या आड लपू पाहतो. आम्हीही लपून पाहिले. याज्ञवल्क्यस्मृतीत द्विजाने गवत, सर्पण आणि फुले कोठूनही घ्यावीत, अशा आशयाचे वचन आहे. गौतमधर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात गाय व अग्नी यांच्यासाठी गवत आणि सर्पण, तसेच वेलींची व वृक्षांची फुले आपलीच समजून घेण्याची मुभा दिली आहे. देवासाठी घेतलेले फूल ही चोरी नव्हे, हा आपल्याकडील सर्वमुखी समज अशाच वचनांवर उभा आहे. आम्हीही तो कीर्तनातून अनेकदा सांगितला आहे.

परंतु त्या रात्री पुन्हा पोथी उघडली, तेव्हा त्याच सूत्राचा शेवट डोळ्यांत भरला. फळे मात्र कुंपण नसलेल्या झाडांचीच घ्यावीत, असे गौतम म्हणतात. म्हणजे दुसऱ्याच्या कुंपणाचा मान त्या काळीही होताच. शिवाय ज्या जगात ही वचने सांगितली गेली, तेथे गावाची शीव ओलांडली की अरण्य होते. तेथील फुले कोणी लावलेली नसत, ती आपसूक उमलत. एकाने ओंजळ भरली म्हणून दुसऱ्याचा देव उपाशी राहत नसे. आज एका आळीत चाळीस देवघरे आहेत आणि जास्वंद एक आहे. तेव्हाची मुभा आज उचलली, तर चाळीस देवांची पूजा होते आणि जिने झाडास पाणी घातले तिचाच देव उघडा राहतो. वचनाचे अक्षर पाळले जाते, आशय हरवतो. आमचे मत असे झाले आहे की, आपल्या घेण्याने ज्याच्या घरी उणे पडते, त्याचे फूल न विचारता घेऊन केलेल्या पूजेत देवाला आपण आपले काहीच दिलेले नसते.

मग फुले विकत आणावीत काय? अवश्य आणावीत. फुलवाल्यांचे संसार त्यावर चालतात. बेल, कमळ, केवडा घरी कोण लावणार? पण रोजची पुडी दाराच्या कडीला लटकत यावी, सातच्या घाईत ती देवापुढे उलटावी आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य म्हणून बाहेर जावी, एवढ्यात त्या फुलाशी आपला संबंध येतो कितीसा? विकतची फुले शोभेस असोत. देवाच्या मस्तकी पडणारे पहिले फूल तरी आपल्या हातच्या पाण्यावर वाढलेले असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यावर वाचक विचारतील, आणि ते रास्तच आहे, की बुवा, लावावयाचे कोठे? वाडे गेले, परसू गेले, अंगणे गेली. आमच्याही वाड्याच्या चौकात आमच्या मातोश्रींनी लावलेल्या जाईचा मांडव होता. वाडा पाडून तेथे इमारत उभी राहिली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहावयास आलो. जाई मातीत गेली. आज आमच्या वाट्यास जी भूमी आहे, ती म्हणजे सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद गॅलरी; तीही निम्मी वाळत घातलेल्या धुण्याने भरलेली.

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पोथीत सापडले नाही. ते आमच्या सूनबाईंनी दिले. गॅलरीच्या छताला त्यांनी एका टोपलीत शोभेचे काही झाड टांगले होते. काकूंची गोष्ट ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "बाबा, खाली जागा नाही, वर आहे. ह्या टोपलीत फुलांचा वेल लावू." आम्ही नाक मुरडले. धरित्रीशी नाते नसलेल्या, अधांतरी लोंबकळणाऱ्या मातीतले फूल देवास कसे चालावे, असे बोलूनही गेलो. सूनबाई हसून म्हणाल्या, "शिंके तरी अधांतरीच असायचे ना? त्यातले लोणी श्रीकृष्णाला चाललेच की." आम्ही विचार केला, महादेवाच्या पिंडीवरची गळतीही अधांतरीच टांगलेली असते. शास्त्रार्थात आम्ही पराभूत झालो. आणि सुनेकडून पराभूत होण्यात सासऱ्यास कमीपणा नसतो.

गेल्या वर्षभरात त्या टांगत्या परडीने आम्हांस पुष्कळ शिकविले. पहिला धडा आमच्या हट्टाने मिळाला. मातोश्रींची आठवण म्हणून आम्ही एका टोपलीत जाईच लावविली. मार्गशीर्षापर्यंत तिची पाने पिवळी पडली. कळी एक नाही. जाई-जुईच्या मुळांना खोली हवी असते. टोपलीत त्यांचा जीव गुदमरतो. तीच जाई मोठ्या कुंडीत, कोपऱ्यात जमिनीवर ठेवून कठड्यावर चढविली, तेव्हा यंदाच्या पावसात तिला पहिल्या कळ्या धरल्या आहेत. मधुमालती आणि कृष्णकमळ हेही टोपलीतले वेल नव्हेत. ते मांडवाचे धनी आहेत.

टोपलीस सर्वांत मानवला तो गोकर्णाचा वेल. गाईच्या कानासारख्या पाकळीचे हे निळे किंवा पांढरे फूल शिवाला, विष्णूला आणि देवीलाही वाहतात. अमरकोशात गिरिकर्णी, विष्णुक्रान्ता, अपराजिता ही नावे एकाच वनस्पतीची म्हणून एकत्र दिली आहेत. गणपतीच्या एकवीस पत्रींत विष्णुक्रान्तेचे नाव आहे, आणि दसऱ्यास आपण शमीबरोबर अपराजिता देवीचे पूजन करतो. तिचेच नाव ह्या वेलीस मिळाले आहे. आज विष्णुक्रांता म्हणून दुसऱ्याच एका बारीक निळ्या फुलाच्या पसरणाऱ्या वनस्पतीस ओळखतात. तीही टोपलीत लावण्याजोगी आहे. काठावरून ती सुंदर ओघळते, मात्र तिची फुले सकाळी उमलून दुपारनंतर मिटतात, म्हणून पूजा वेळेवर करावी लागते. तिसरा वेल गणेशवेलीचा. शेपूच्या पानांसारखी नाजूक पाने आणि चांदणीच्या आकाराची तांबडी फुले. वेल वर्षायू आहे, पण बी आपले आपण पुष्कळ धरते.

कृती अवघड नाही. टोपली तारेची, वर फूटभर रुंद आणि आठ-दहा इंच खोल असावी; आत काथ्याचे अस्तर द्यावे. बागेतली माती, कोकोपीट म्हणजे काथ्याचा भुसा, आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, असे तिन्ही समभाग घ्यावेत. नुसती माती भरली तर ती भिजून फार जड होते आणि पाण्याचा निचरा होत नाही. गोकर्णाच्या बियांचे कवच कठीण असते, म्हणून त्या रात्रभर पाण्यात भिजवाव्यात आणि एका टोपलीत दोन-तीनच पेराव्यात. रोपास चार-सहा पाने आली की शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे फुटतात. काही फुटवे टोपलीच्या दोऱ्यांवर चढू द्यावेत, उरलेले खाली सोडावेत. निदान चार-पाच तासांचे ऊन हवे. त्यावाचून वेल वाढेल, फुलणार नाही. गोकर्ण कडधान्यांच्या कुळातला असल्यामुळे त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र त्यास मिळवून देतात. म्हणून खताचा मारा करू नये. शेंगा धरू लागल्या की खुडाव्यात, बियाण्यापुरत्या दोन ठेवाव्यात. शेंगा पोसू लागलेला वेल फुले कमी देतो. टोपलीस सर्व बाजूंनी वारा लागतो, त्यामुळे तिची माती जमिनीपेक्षा लवकर सुकते. उन्हाळ्यात दोन वेळा पाणी घालावे लागते, पावसाळ्यात बोटाने माती चाचपूनच घालावे.

आणखी दोन गोष्टी आम्ही बागकामाच्या नव्हे, धर्माच्या म्हणून सांगतो. भिजलेली टोपली आठ-दहा किलोंपर्यंत भरू शकते. ती छतात पक्क्या बसविलेल्या आकड्यालाच टांगावी आणि कठड्याच्या आतच असावी. रस्त्याने जाणाऱ्याच्या डोक्यावर आपले पुण्य लोंबकळता कामा नये. आणि टोपलीखाली ताटली बांधावी. आमच्या पहिल्या टोपलीचे गढूळ पाणी खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या धुतल्या धोतरावर ठिबकले, आणि देवाच्या फुलापायी शेजाऱ्याशी भांडण होण्याची वेळ आली. एका शेजारणीचे फूल घेऊ नये म्हणून वेल लावावा आणि दुसऱ्या शेजाऱ्याचे धोतर भिजवावे, तर मग आपण शिकलो काय?

आता मोजमापाविषयी. चातुर्मासात लक्ष फुले वाहण्याचा नेम अनेक घरी असतो. त्या नेमाविषयी आम्हांस आदर आहे. पण एकदा हिशेब करून पाहावा. 1,00,000 फुले 120 दिवसांत वाहावयाची, तर रोज 833 लागतात. इतकी फुले एका घराच्या अंगणात कोठून यावीत? ती दहा अंगणांतून खुडून येतात, किंवा पोत्यातून येतात. आणि मोजण्याच्या नादात डोळा देवाकडे नसतो, आकड्याकडे असतो. कोणा मायबहिणीने आम्हांस विचारले, तर आम्ही वेगळा नेम सुचवू. आपल्या हाताने वाढविलेल्या वेलीचे रोज एक फूल वाहावे. ज्या दिवशी फूल नसेल, त्या दिवशी अक्षता वाहाव्यात. फुलाच्या अभावी अक्षता ही आपली परंपराच आहे. वेल नुकताच पेरलेला असेल, तर फुले येईपर्यंत रोज पाणी घालणे हीच पूजा समजावी.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. कालिदासाच्या शाकुंतलात चौथ्या अंकी शकुंतला सासरी निघते, तेव्हा कण्वमुनी आश्रमातील वृक्षांना सांगतात की, तुम्हांला पाणी पाजल्यावाचून ही आधी पाणी पीत नसे आणि नटण्याची आवड असूनही तुमचे पान खुडीत नसे. निघताना ती वनज्योत्स्ना नावाच्या वेलीस बहिणीच्या मायेने कवटाळते. वेलीस पाणी घालणाऱ्याला वेल नातलग होते. तिचे फूल खुडताना हात आपोआप हलका होतो, एकाच्या जागी चार घेववत नाहीत. आणि अरणच्या सावता माळ्यांना विठोबा भेटला, असे परंपरा सांगते, तो त्यांच्या भाजीच्या मळ्यात. खुरपे धरलेल्या हातांची पूजा देवाने आधी मोजली.

टांगत्या परडीचा आणखी एक लाभ आहे. देवावरचे निर्माल्य आता आम्ही नदीत सोडीत नाही. दोरा, कुंकू, तेलाची वात बाजूला काढून फुले व पाने एका मडक्यात कुजवितो आणि त्याचे खत होते, ते पुन्हा टोपलीत जाते. देवाला वाहिलेले फूल वेलीला परत मिळते आणि वेल पुन्हा देवाला फूल देते. मध्ये आमचा केवळ हात असतो.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही कीर्तनात दिले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या दारी गेलो, आकड्याची काठी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "काकू, नेणाऱ्यांत मीही होतो." त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "काठी परत नेऊ नका हो बुवा. वरच्या फांदीला माझा हात पोचत नाही. उद्यापासून तुम्हीच काढून देत जा." तेव्हापासून पहाटे आम्ही त्यांच्या अंगणात उभे असतो. परड्या घेतलेले दोघे-तिघे आम्हांस पाहून मागे वळले, एकाने विचारलेही, "बुवा, आज आमच्याही आधी?" आम्ही फुले काढून काकूंच्या तबकात ठेवतो. त्या एक फूल उचलून आमच्या हाती देतात आणि म्हणतात, "हे तुमच्या गणपतीला." झाड तेच, फूल तेच, हातही तोच, पण पूर्वी जे घेतले होते, ते आता मिळते.

गेल्या श्रावणात पेरलेल्या गोकर्णास नवरात्रात पहिली पाच फुले आली. तीन आमच्या देवास वाहिली, दोन सूनबाईंनी द्रोणातून काकूंकडे पाठविली. आता काकूंच्या खिडकीतही एक टोपली टांगली आहे. बी आमच्या वेलीचे आहे.

भाविक वाचकहो, पाऊस पडतो आहे, बियाणे स्वस्त आहे. नागपंचमीस खणू नये, ही आपली रीत आहे. तो दिवस सोडून एखाद्या सकाळी दोन बिया पेरा. गौरीगणपतीस कदाचित फुले येणार नाहीत. दसऱ्याच्या अपराजितापूजनास येतील. तोवर देवास अक्षता वाहा, आणि पहाटे दुसऱ्याच्या कुंपणाशी हात गेला, तर दार वाजवून आधी विचारा. देवाचे फूल कोणाच्या वेलीचे, ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक देवघराने यंदाच्या श्रावणात एकदा स्वतःस द्यावे, एवढीच आमची हात जोडून विनंती आहे.